एका कानाने बघायचं कसं? सिंगल सेन्सर अल्ट्रासाऊंड आणि आईच्या गाठीचा फोटो

हा एपिसोड तुमच्यापैकी बरेच जण बसमध्ये नाहीतर लोकलमध्ये ऐकणार, पण यावेळी थोडी आकडेमोड आहे. कानाने आकडे पकडणं अवघड जातं, म्हणून नेहमीसारखं सगळं बोलणं इथे लिहूनही ठेवतोय. मधले "अं अं" काढलेत, बाकी जसं बोललो तसंच.

सुरुवात माझ्याच एका मूर्खपणापासून करतो.

मागच्या वर्षी आईला गळ्याच्या डाव्या बाजूला छोटी गाठ हाताला लागली. मी पुण्यात, आईबाबा कराडला. तिथल्या डॉक्टरांनी थायरॉइडची सोनोग्राफी करायला सांगितली, ती झाली आणि बाबांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. फोटो म्हणजे काय, तर तो गुळगुळीत थर्मल कागद, त्यावर चार काळे-करडे चौकोन, आणि वरून घरातल्या ट्यूबलाइटची चकाकी. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की गाठीची कड एका बाजूला स्पष्ट दिसत नाही, सुईची तपासणी करून घ्यावी. एफएनएसी म्हणतात ती.

मी इंजिनीअर. म्हणजे डॉक्टरकडे जायच्या आधी गूगल. तिथे एवढं कळलं की थायरॉइडच्या गाठीत कड कशी आहे याला महत्त्व असतं. गुळगुळीत असेल तर काळजी कमी, वेडीवाकडी असेल तर जास्त. मग मी काय केलं असेल? फोनमध्ये एक फोटो सुधारायचं ॲप होतं, जुने धूसर फोटो चौपट मोठे आणि कोरीव करून देणारं. त्यात तो चौकोन टाकला. दहा सेकंदांत गाठ अशी सुरेख गोल, कड अशी स्वच्छ, की जणू कंपासने काढलीये. मी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, "कड एकदम क्लिअर आहे, टेन्शन घेऊ नका."

आईचा लगेच फोन. "मग आता ती सुई नको ना रे टोचून घ्यायला?"

तेव्हा पोटात गोळा आला. कारण "नको" म्हणायला माझ्याकडे त्या ॲपशिवाय दुसरा आधारच नव्हता.

दोन दिवसांनी मी कराडला गेलो आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडमना फोन दाखवला. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "अहो, ही कड तुमच्या ॲपने काढलीये. माझ्या मशीनला जे ऐकूच आलं नाही, ते तुमच्या फोनला कुठून दिसणार?"

"ऐकू आलं नाही." हा शब्द डोक्यात बसला. सोनोग्राफी ऐकते हे मला शाळेपासून माहीत होतं, पण त्याचा अर्थ कधी पोचला नव्हता. पुढचे दोन-तीन महिने ऑफिस सुटल्यावर मी याच विषयात डोकं घातलं, आणि वाचता वाचता जाऊन अडकलो त्याच्या सगळ्यात टोकाच्या प्रश्नापाशी: ऐकायला सेन्सर एकच असेल, तर चित्र काढता येतं का? आणि आलं तर ते किती बारीक? हा एपिसोड त्यावर.

आवाज, वेळ आणि अंतर

प्रोबमध्ये एक स्फटिकासारखा पदार्थ असतो. त्याला विजेचा झटका दिला की तो थरथरतो आणि आवाज सोडतो. आवाज परत येऊन आदळला की उलट, तोच वीज तयार करतो. म्हणजे तोंडही तोच, कानही तोच. फ्रिक्वेन्सी काही मेगाहर्ट्झ, आपल्या कानाच्या कितीतरी पलीकडे.

शरीरात आवाजाचा वेग साधारण सेकंदाला १५४० मीटर धरतात. त्यावरून हिशेब सोपा आहे. १ सेंटीमीटर खोल असलेल्या गोष्टीपर्यंत जाऊन परत यायला जवळपास १३ मायक्रोसेकंद लागतात. २६ मायक्रोसेकंदांनी प्रतिध्वनी आला तर वस्तू २ सेंटीमीटरवर. मशीन मुळात फक्त घड्याळ बघत असतं.

आता घोळ बघा. घड्याळ अंतर सांगतं, दिशा सांगत नाही. घाटात उभं राहून ओरडलात आणि दोन सेकंदांनी "ओ" परत आला, तर कडा किती लांब आहे हे कळेल. डावीकडचा कडा की उजवीकडचा, हे एका कानाने कळायचं नाही.

म्हणून आजच्या नेहमीच्या प्रोबमध्ये एक नाही, तर १२८ किंवा १९२ बारीक सेन्सर एका ओळीत बसवलेले असतात. डावीकडच्या वस्तूचा प्रतिध्वनी डावीकडच्या सेन्सरना आधी पोचतो, उजवीकडच्यांना उशिरा. या उशिराच्या फरकावरून दिशा निघते. पण एका ओळीतून मिळतो एक काप, पाव कापल्यासारखा. पूर्ण थ्रीडी हवं असेल तर सेन्सर चौकटीत मांडायला लागतात. ३२ गुणिले ३२ म्हटलं तरी १०२४ झाले, आणि प्रत्येकाला स्वतःची तार, स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स. किंमत कुठे जाते ते इथे कळतं.

रेझोल्यूशन म्हणजे पिक्सेल नव्हे

आपल्या पिढीचा हा मोठा गैरसमज. कॅमेरा ६४ मेगापिक्सेल, मग फोटो बारीक. सोनोग्राफीत स्क्रीनवरचे पिक्सेल कितीही वाढवा, फरक शून्य. रेझोल्यूशन म्हणजे जवळजवळचे दोन ठिपके दोन म्हणून वेगळे ओळखता येणं. बस.

खोलीच्या दिशेने हे आवाजाचा झटका किती आखूड आहे यावर ठरतं. झटका लांबलचक असेल तर पुढच्या ठिपक्याचा प्रतिध्वनी संपायच्या आत मागच्याचा सुरू होतो आणि दोघांचा एकच गोंगाट होतो. आडव्या दिशेने हिशेब वेगळा आहे: तरंगलांबी गुणिले खोली, भागिले प्रोबच्या तोंडाची रुंदी. उदाहरण घेऊ. ५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ०.३ मिलिमीटर. तोंड १० मिलिमीटर रुंद, वस्तू ५० मिलिमीटर खोल. उत्तर येतं दीड मिलिमीटर. म्हणजे त्या खोलीवर दीड मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके आडवे एकमेकांत मिसळणार. त्याहून बारीक नागमोडी कड गुळगुळीतच दिसणार.

मग फ्रिक्वेन्सी वाढवा ना, तरंगलांबी कमी होईल? होते. पण शरीर त्याची किंमत वसूल करतं. मऊ ऊतींमध्ये आवाज दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झला अंदाजे अर्धा डेसिबल क्षीण होतो. ५ सेंटीमीटर खोल जाऊन परत यायचं म्हणजे १० सेंटीमीटरचा प्रवास. ५ मेगाहर्ट्झला २५ डेसिबल गेले, १० मेगाहर्ट्झला ५०. मधला २५ डेसिबलचा फरक म्हणजे परत येणारी ताकद आणखी ३०० पटींहून कमी. म्हणून थायरॉइडसारख्या कातडीलगतच्या अवयवाला जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लावता येतो आणि पोटाला कमीचा लावावा लागतो. यात कुणाची हुशारी चालत नाही.

करकरणारा जिना

आता एकच सेन्सर. खरं तर हे काही नवीन नाही. सुरुवातीची कित्येक यंत्रं एकाच सेन्सरची होती, सेन्सर हलवायचा आणि एकेक रेघ गोळा करायची. आजही हृदयाच्या रक्तवाहिनीत आतून बघायला जी बारीक नळी घालतात, तिच्या एका प्रकारात टोकाला एकच सेन्सर गरगर फिरत असतो. मिनिटाला १८०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं.

सेन्सर हलवत नेऊन सगळे प्रतिध्वनी गणिताने एकत्र जोडले तर छोटा सेन्सरही मोठ्या तोंडाच्या प्रोबसारखा वागतो. इस्रोचे रिसॅट उपग्रह रडारने हेच करतात, अँटेना छोटा पण उडता. अट एकच: प्रत्येक क्षणी सेन्सर नेमका कुठे होता हे तरंगलांबीच्या छोट्या हिश्शाइतकं अचूक माहीत हवं. ०.३ मिलिमीटरचा छोटा हिस्सा म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. हाताने धरलेल्या प्रोबला हे जमवणं किती कठीण, तुम्हीच विचार करा.

पण सेन्सर जागचा न हलवता दिशा कळेल का? इथून मला मजा यायला लागली.

माझ्या आजोळी लाकडी जिना होता, चौदा पायऱ्यांचा. आजीला शेवटी शेवटी नीट दिसायचं नाही, पण ती खाली स्वयंपाकघरात बसून सांगायची, "चौथीवर का थांबलास रे? चिवड्याचा डबा माळ्यावर नाहीये." कारण प्रत्येक पायरीची करकर वेगळी. चौथी कुईं करायची, नववी ठक्क. आजी एकाच जागी, पण जिन्यावरची प्रत्येक जागा स्वतःची सही करत होती. आता तो जिना पाडून सिमेंटचा केलाय. त्यावर आजीलासुद्धा काही कळलं नसतं.

म्हणजे ऐकणारा एकच असला तरी चालेल, पण प्रत्येक जागेचा आवाज वेगळा यायला हवा.

तुमच्या कानाची पाळी हेच काम करते. तिच्या त्या वळ्या-खळग्यांतून जाताना वरून येणारा आवाज वेगळा रंगतो आणि खालून येणारा वेगळा. डावं-उजवं ओळखायला दोन कान लागतात, पण वर-खाली ओळखायला या वळ्यांची मोठी मदत होते. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही लोकांच्या कानात साचे बसवून वळ्यांचा आकार बदलला. लोकांना वर-खाली कळेनासं झालं. काही आठवड्यांत मेंदू नवा आकार शिकला आणि पुन्हा कळायला लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डेल्फ्टचा प्लास्टिकचा तुकडा

२०१७ मध्ये पीटर क्रौझिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे रॉटरडॅमचं इरॅस्मस मेडिकल सेंटर आणि डेल्फ्टचं तंत्रविद्यापीठ यांनी मिळून, सायन्स ॲडव्हान्सेसमध्ये एक प्रयोग छापला. एक सेन्सर घेतला. त्याच्या तोंडावर प्लास्टिकची चकती बसवली, जिची जाडी जागोजागी वेडीवाकडी, मुद्दाम. प्लास्टिकमध्ये आवाज पाण्यापेक्षा वेगाने धावतो. त्यामुळे जाड भागातून गेलेला आवाज पुढे, पातळ भागातला मागे, आणि समोरच्या प्रत्येक ठिकाणी या सगळ्या मागच्यापुढच्या लाटांची वेगळीच खिचडी तयार होते. ठिकाण बदललं की खिचडी बदलली. जिना करकरायला लागला.

मग चकती थोडी थोडी फिरवून पुन्हा पुन्हा ऐकायचं. दर वेळी प्रत्येक ठिकाणाची नवी सही. अशा मापांवरून त्यांनी पाण्यात ठेवलेली प्लास्टिकची दोन अक्षरं, ई आणि डी, थ्रीडीमध्ये उभी केली. एका सेन्सरवर.

गणित ऐकायला भारी वाटतं, पण ते किराणा बिलाचं आहे. दुकानदार सुटे भाव सांगत नाही, फक्त एकूण रक्कम सांगतो. दोन किलो कांदे आणि एक किलो बटाटे, १०० रुपये. आता दुसरं बिल चार किलो कांदे, दोन किलो बटाटे, २०० रुपये असं आलं तर काही नवीन कळलं का? नाही. तेच बिल दुप्पट. साध्या सपाट सेन्सरचं असंच होतं, सारख्या अंतरावरच्या डाव्या आणि उजव्या ठिपक्याचं बिल सारखंच येतं.

याच्या पुढची पायरी मला स्वतःला समजायला वेळ लागला, म्हणून जरा थांबतो इथे. समजा दुसरं बिल थोडंसंच वेगळं आहे: २.१ किलो कांदे, एक किलो बटाटे, १०३ रुपये. फरक ३ रुपये, १०० ग्रॅम कांद्याचे. म्हणजे कांदा ३० रुपये, बटाटा ४०. झकास. पण दुकानदाराकडे सुटे नव्हते आणि त्याने १०५ घेतले तर? फरक ५ रुपये, कांदा ५० रुपये किलो, आणि बटाटा शून्य! दोन रुपयांच्या चुकीने बटाटा फुकट झाला.

त्याऐवजी दुसरं बिल एक किलो कांदे, दोन किलो बटाटे असं घ्या. खरी रक्कम ११०. दुकानदाराने ५ रुपये जास्त लावून ११५ घेतले तरी कांदा २८ रुपये ३३ पैसे आणि बटाटा ४३ रुपये ३३ पैसे निघतो. चूक मोठी, पण उत्तर जवळपास जागेवर.

सिंगल सेन्सर अल्ट्रासाऊंडमध्ये रेझोल्यूशन सुधारणं म्हणजे मुख्यतः हेच: शेजारच्या दोन ठिपक्यांची बिलं एकमेकांपासून जितकी वेगळी करता येतील तितकी करणं. चकतीचा आकार त्यासाठी घडवायचा, मापं वाढवायची, झटक्यात जास्त रुंद पट्ट्यातल्या फ्रिक्वेन्सी घालायच्या. कारण यंत्रात कुठे ना कुठे गोंगाट असतोच, दुकानदार सुटे कधीच देत नाही. आणि खोल गेलं की शेजाऱ्यांच्या सह्या पुन्हा सारख्या होत जातात, तरंगलांबी आणि तोंडाच्या रुंदीचा तो वरचा नियम चकतीलाही चुकत नाही.

अज्ञात जास्त, मापं कमी

आता एक हिशेब, आकडे मी सोयीचे घेतलेत. समोर ३ सेंटीमीटरचा घन आहे. अर्ध्या मिलिमीटरचे कण केले तर एका बाजूला ६०, एकूण २ लाख १६ हजार. इतक्या अज्ञात संख्या. मापं किती? ३ सेंटीमीटरचा प्रतिध्वनी साधारण ४० मायक्रोसेकंदांचा. सेन्सरचा फ्रिक्वेन्सी पट्टा ४ मेगाहर्ट्झ धरला तर त्या वेळात खऱ्या अर्थाने स्वतंत्र आकडे मिळतात ३२० च्या आसपास. चकती दर ५ अंशांनी फिरवली तर ७२ मापं. एकूण सुमारे २३ हजार.

२३ हजार बिलं, २ लाख १६ हजार भाजीपाले. शाळेच्या गणिताप्रमाणे सुटणं अशक्य.

इथे २००६ च्या आसपास कॅन्डेस, रॉम्बर्ग, टाओ आणि डोनोहो यांनी मांडलेलं काम येतं, कॉम्प्रेस्ड सेन्सिंग. ढोबळ अर्थ असा: बहुतेक अज्ञात शून्य आहेत हे आधीच माहीत असेल आणि मापं पुरेशी गोंधळलेली असतील, तर कमी मापांतूनही उत्तर निघू शकतं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाने त्याच सुमारास एका पिक्सेलचा कॅमेरा करून दाखवला होता, कल्पना याच घराण्यातली. पाण्यात तरंगणारी दोन अक्षरं या अटीत मस्त बसतात. आजूबाजूला नुसतं पाणी, म्हणजे शून्यच शून्य.

आईचा गळा बसत नाही. शरीरातला प्रत्येक कण थोडा थोडा आवाज परत पाठवतो, तो करडा दाणेदार पोत बघितलाय ना, तो. तिथे शून्य फारसं नसतंच. म्हणून प्रयोगशाळेतल्या अक्षरांवरून "आता दोनशे रुपयांत थ्रीडी सोनोग्राफी" अशी हेडलाइन करणाऱ्यांवर मी चिडतो.

माझ्या लॅपटॉपवरची भुतं

वाचून समाधान होईना म्हणून पायथनमध्ये एक खेळण्यातलं सिम्युलेशन लिहिलं. आधी थ्रीडीचाच हट्ट धरला. प्रत्येक कणाची प्रत्येक मापातली सही साठवायची तर २३ हजार गुणिले २ लाख १६ हजार, म्हणजे जवळपास ५०० कोटी आकडे, साध्या अचूकतेला २० जीबी. माझ्या १६ जीबीच्या लॅपटॉपने हात टेकले. मग गपचूप टूडी केलं.

सारख्या खोलीवर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका ठेवला. चकतीशिवाय: दोघांचा मिळून एकच प्रतिध्वनी, कोण कुठला ते सांगता येईना. चकती घातली, फिरवली, सोडवलं: दोन ठिपके, स्वच्छ. रात्री दीड वाजता मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या, पार्टनर उठून शिव्या घालून परत झोपला.

मग गंमत म्हणून आवाजाचा वेग दोन टक्क्यांनी चुकवला. म्हणजे लाटा एका वेगाने सोडल्या आणि सोडवताना दुसरा वेग धरला. दोन ठिपक्यांचे पाच झाले. तीन भुतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भुतंसुद्धा तितकीच टोकदार, तितकीच खरी दिसणारी. धूसर चित्र निदान कबूल तरी करतं की मला नीट दिसत नाहीये. हे तसलं काही कबूल करत नव्हतं.

दोन टक्के म्हणजे फार नाही हं. चरबीत आवाज १५४० पेक्षा हळू जातो, स्नायूत थोडा वेगाने. प्रत्येकाच्या गळ्यात चरबी वेगळी, स्नायू वेगळे. डेल्फ्टच्या प्रयोगात पाणी होतं आणि चकतीतून निघणाऱ्या लाटा त्यांनी आधी पाण्यातल्या माइकने मोजून घेतल्या होत्या. सह्यांची ती वही हाच सगळ्याचा पाया. नव्या कानाचा आकार शिकायला मेंदूला काही आठवडे लागले होते, आठवतंय? यंत्राला प्रत्येक माणसासाठी ते शिकायला हवं, तेही तो टेबलावर झोपला असताना, आणि गळ्यात शेजारीच शीर धडधडत असताना. चकती फिरेपर्यंत गळा जागचा थोडाच राहतोय.

मग हे करायचंच कशाला? माझं मत असं की याची जागा सोनोग्राफी सेंटरमधल्या मोठ्या यंत्राशेजारी नाहीच. जिथे १००० तारा मावणारच नाहीत, नळीच्या टोकाला, सुईच्या टोकाला, तिथे एक सेन्सर आणि एक वेडीवाकडी चकती ही कल्पना खरी कामाची. घरोघरी स्वस्त सोनोग्राफी हे स्वप्न तर भारतात निव्वळ किमतीमुळे अडलेलंही नाही. गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्यामुळे इथे सोनोग्राफीच्या मशीनची नोंदणी लागते, गरोदर बाईची तपासणी केली की फॉर्म एफ भरावा लागतो. पाठीमागचं कारण तुम्हाला माहीत आहे. सेन्सर स्वस्त झाला म्हणून ते कारण संपत नाही.

परत त्या ॲपकडे

एका श्रोत्याने मागच्या भागावर विचारलं होतं, "सॉफ्टवेअरने सुधारलेलं चित्र खोटंच असतं का?" नाही. डेल्फ्टचं चित्रही सॉफ्टवेअरनेच काढलं. फरक कुठे आहे तो मला आता नीट सांगता येतो. चकती आवाज जाताना आणि येताना काम करते, माप घेण्याच्या आधी. बारीक तपशील त्या प्रतिध्वनीत खरोखर शिरलेला असतो, सॉफ्टवेअर तो फक्त सोडवतं. आणि सोडवलेलं उत्तर परत तपासता येतं: या चित्रावरून प्रतिध्वनी कसा आला असता ते मोजा आणि खऱ्याशी ताडून बघा.

माझ्या ॲपकडे प्रतिध्वनी नव्हताच. व्हॉट्सॲपने दाबलेला, ट्यूबलाइट चमकणारा, कागदाचा फोटो होता. त्याने हजारो इतर फोटोंत कडा कशा असतात ते शिकलं होतं आणि रिकाम्या जागी तशी एक कड भरली. सरासरी कड. आईची नाही. आणि सरासरी कड गुळगुळीत असते, म्हणजे नेमकी जी बातमी शोधायची होती तीच पुसली गेली. हे मी घरच्या ग्रुपवर निदान म्हणून टाकलं होतं.

मॅडमनी त्या दिवशी आईला परत झोपवलं, प्रोब बदलला नाही, फक्त मान जरा उलट बाजूला वळवायला सांगितली आणि प्रोब तिरका धरून पुन्हा बघितलं. त्या बाजूने कड आधीपेक्षा बरी दिसली. नवं माप होतं ते, दुसरं बिल. तरीही म्हणाल्या, "सुई करूनच घेऊ." आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "करून घे." तिने माझा हात धरला, सुई गेली, तिला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर संपलं.

रिपोर्ट सहा दिवसांनी आला. साधी गाठ, आता दरवर्षी फक्त सोनोग्राफी करत राहायची. बाबा म्हणाले, "म्हणजे तुझं ॲप बरोबरच होतं की!" मी त्यांना कांदे-बटाट्याचं गणित सांगायला बसलो. १०५ रुपयांपर्यंत पोचलो तेवढ्यात ते म्हणाले, "कराडला कांदा सध्या ३० ला कुठे मिळतो, ते आधी सांग."

सिम्युलेशनचा कोड मागणाऱ्यांसाठी: देतो, पण आधी त्यातली भुतं निस्तरू द्या. वेग चुकल्यावर तीनच भुतं का येतात, चार का नाहीत, ते अजून माझं मलाच सुटलेलं नाही.